मिरचीचे हात

माणिकबाईच्या वाऱ्याला घरातलं मांजरसुद्धा उभं राहत नाही, असं तिची मोठी जाऊ आशाबाई पाहुण्यारावळ्यांना हसत हसत सांगायची. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. माणिकबाईनं एकदा त्या मांजराच्या डोक्यावरून हात फिरवला होता. मांजर पंजांनी डोळे चोळत अंगणभर लोळलं, केकाटलं, आणि त्या दिवसापासून माणिकबाई दिसली की कोठ्यात पळायला लागलं. जनावर शहाणं, एकदाच शिकलं.

अकोटच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. त्यांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तीन जुने निंब आहेत आणि निंबांच्या सावलीत रानमिरचीची चाळीस-पन्नास झुडपं. ती कुणी लावली नाहीत. बुलबुल आणि साळुंक्या मिरची खातात, निंबावर येऊन बसतात, खाली घाण टाकतात, आणि त्या घाणीतून पुढच्या पावसाळ्यात रोपं वर येतात. माणिकबाईच्या मुलानं, गजेंद्रनं, एकदा कृषी केंद्रातून प्लास्टिकचे ट्रे आणून त्यात हे बी टाकलं होतं. दोन महिने पाणी घातल्यावर ट्रेमध्ये शेवाळ तेवढं हिरवंगार उगवलं. माणिकबाई असले उद्योग करत नसे. दर झुडपाचा शेंडा ती पाखरांसाठी सोडायची, निंबाखालची जागा झाडून ठेवायची, आणि रोपं दाट झाली की दोन-चार उपटून बाजूला सरकवायची. एवढीच तिची शेती.

मिरचीही केवढी, तर गव्हाच्या दाण्याहून जराशी मोठी, आभाळाकडे तोंड करून उभी. पिकली की देठ झाडालाच राहतो आणि फळ चिमटीत येतं, येता येता फुटतं, आणि त्याचं पाणी नखांच्या कडेनं आत शिरतं. किलोभर तोडायला दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी बोटं भगभगतात, दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत आग चढते, आणि महिनाभर तोडत राहिलं की काहीच वाटेनासं होतं. आपल्याला काही वाटत नाही म्हणजे हात निवले, असं नवख्या बाईला वाटतं. हात निवलेले नसतात. ते ज्याला लागतील त्याला विचारावं.

पाखरांना ही मिरची तिखट लागत नाही म्हणे. माणसांच्या बाबतीत देवानं तेवढा विचार केला नाही.

लग्न होऊन माणिकबाई या घरात आली तेव्हा सासूनं तिच्यापुढे मिरचीची टोपली सरकवली होती. त्या घराची एक रीत होती. मिरचीचे हात वेगळे आणि दुधाचे हात वेगळे. जी सून मिरची तोडणार, कांडणार, तिनं दूध काढायचं नाही, लोण्याला हात लावायचा नाही, तान्ह्या लेकराला घ्यायचं नाही. आशाबाई आधी आलेली, तिच्याकडे दूध होतं. मग धाकटीकडे मिरची. यात कुणी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. घरात दोन सुना आणि दोन कामं होती, एवढाच हिशेब. पण अशा सोयीच्या हिशेबातच माणसाचं आयुष्य कुणाच्या तरी पदरात जाऊन पडतं, आणि ते परत मागायला तोंड राहत नाही.

गजेंद्र झाला तेव्हा सासूनं तिला तीन महिने मिरचीपासून लांब ठेवलं. चौथ्या महिन्यात धुऱ्यावर मिरची लाल झाली. माणिकबाई दुपारभर तोडून आली, राखेनं हात घासले, साबणानं दोनदा धुतले. लेकरू भुकेनं रडत होतं. तिनं त्याला उचललं, पदराखाली घेतलं आणि बोटानं त्याच्या डोळ्यातलं पाणी पुसलं. तेवढंच केलं तिनं. पोरगं असं ओरडलं की शेजारची माणसं धावत आली. दोन्ही डोळे सुजून बंद झाले. नत्थुजीनं, तिच्या नवऱ्यानं, त्याला सायकलवरून अकोटच्या डॉक्टरकडे नेलं. डोळे वाचले. संध्याकाळी सासू म्हणाली, “आजपासून हे लेकरू आशाजवळ. तू फक्त दूध पाजाले घेजो, अन् तेबी हात मागं बांधून.”

हात मागं बांधून. सासू बोलण्यात बोलली असेल, माणिकबाईनं मात्र ते तसंच पाळलं. आशाबाई लेकरू आणून तिच्या मांडीवर धरायची, ती दोन्ही हात पाठीमागं घेऊन बसायची, आणि त्याचं पोट भरलं की आशाबाई त्याला घेऊन जायची. न्हाऊमाखू घालणं, काजळ, तीट, थोपटणं, सगळं आशाबाईनं केलं. आशाबाईला दोन मुली होत्या, त्या माणिकबाईला ‘काकू’ म्हणायच्या. त्यांचं ऐकून गजेंद्रही तिला काकू म्हणायला लागला. शाळेत नाव घातलं तेव्हा मास्तरांनी आईचं नाव विचारलं, तर पोरानं बेधडक ‘आशाबाई’ सांगितलं. सगळे हसले. माणिकबाईही हसली. रडायची तिला चोरी होती, कारण त्या हातांनी डोळे पुसायचे नव्हते.

तो आठ-नऊ वर्षांचा झाल्यावर कुणीतरी त्याला ‘माय’ म्हणायला शिकवलं. तोवर त्याचं मांडीवर बसायचं वय निघून गेलं होतं.

त्याच काळात तिचा ठेचा पंचक्रोशीत नावाजला. लोखंडी तव्यावर शेंगदाण्याचं तेल, त्यात लसूण आणि जिरं, वर मूठभर रानमिरची. ती तडतडायला लागली की घरातली माणसं खोकत बाहेर पळायची. मग मीठ टाकून तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडायचं, आणि शेवटी खाली उतरवून बोटांनी मळायचं. हे शेवटचं मळणंच त्यातलं खरं काम. मिक्सरमधून काढलेला ठेचा नुसता जाळतो. माणिकबाईचा आधी लसणाची गोडी देई, मग तिखट लागे, आणि माणूस घाम पुसत आणखी मागे. थंडीत गावात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत असली की वांग्याची भाजी कोणीही करो, ठेच्याला माणिकबाईच लागायची. लोक तिच्या हाताची चव वाखाणायचे. तोच हात लेकराजवळ दिसला की लेकरू उचलून घ्यायचे. दोन्ही गोष्टी एकाच पंगतीत व्हायच्या आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

गेल्या वर्षी गजेंद्रला मुलगी झाली. तो अमरावतीला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला आहे, बायको पौर्णिमा तिथलीच. बाळंतपण माहेरी झालं. बारसं तीन महिन्यांनी, गजेंद्रच्या फ्लॅटवर करायचं ठरलं. पौर्णिमाचा फोन आला.

“आई, पाळण्याच्या एका बाजूला माझी आई आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही. बाळ तुम्ही घ्यायचं. आत्तापासून सांगून ठेवते.”

बारशाला पाळण्याच्या वरून आणि खालून बाळ एकीनं दुसरीच्या हातात द्यायचं असतं. माणिकबाईनं ते पन्नास वेळा पाहिलं होतं, दारात उभं राहून. तिला कुणी पाळण्याजवळ बोलावलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत बसली.

मग तिनं मिरची सोडली. बारशाला बावीस दिवस होते आणि धुऱ्यावर मिरची भरात होती. ती धुऱ्याकडे फिरकलीसुद्धा नाही. सकाळ-संध्याकाळ गोडेतेल चोळायची, मग ताकात हात बुडवून बसायची, मग चिंचेचं पाणी. नखं मुळापर्यंत काढली. स्वयंपाकात लाल तिखटही बंद केलं. नत्थुजी चार दिवस गप्प जेवला, पाचव्या दिवशी ताट सरकवून म्हणाला, “मी काय दवाखान्यात हावो का? हे काय खाऊन राहिलो मी?”

“बावीस दिवस खा,” ती म्हणाली. “माया नातीले घ्यायचं हाये मले.”

नत्थुजीनं ताट परत पुढं ओढलं. फिकं वरण त्यानं बावीस दिवस खाल्लं, हे त्याच्या नावावर मांडायला हवं.

गावात रोडग्यांची पंगत होती, तिथला निरोप तिनं परत पाठवला. लोक म्हणाले, पोरगा अमरावतीत राहतो म्हणून बुढीले भाव आला. ती रोज पहाटे उठून पहिलं काम एकच करायची. उजव्या हाताचं बोट स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्यात लावून बघायची. सहा दिवस डोळा चुरचुरला. सातव्या दिवशी किंचित. नवव्या दिवशी काही नाही. तरी तिनं तेल आणि ताक सोडलं नाही. पंचवीस-तीस वर्षांचं तिखट आहे, ते कुठं दडून बसलं असेल सांगता येत नाही, असं तिला वाटायचं. हात मऊ पडले. ते आपले नाहीतच, कुण्या दुसऱ्याच बाईचे आहेत, असं तिला वाटलं, आणि त्या दुसऱ्या बाईचा तिला फार हेवा वाटला.

बारशाच्या आदल्या दिवशी ती आणि नत्थुजी एसटीनं अमरावतीला पोचली तेव्हा बाळ झोपलेलं होतं. पौर्णिमाची आई म्हणाली, “आत्ताच डोळा लागलाय हो विहीणबाई. उद्या घ्या मनसोक्त.” माणिकबाईनं वाकून बघितलं. एवढीशी मूठ, नखं कागदासारखी. तिनं हात लावला नाही. उद्याचा दिवस तिचाच होता.

सकाळी आशाबाई आली, सोबत तिची मोठी मुलगी आरती. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आरतीचा. आशाबाईनं पिशवीतून एक पुडकं काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. ते सुटलं आणि आत लालभडक रानमिरची दिसली.

“गजाचा फोन आला होता,” आशाबाई म्हणाली. “मजुरीच्या बायाकडून तोडून आणली. म्या हात नाही लावला बापा.”

तेवढ्यात गजेंद्र आत आला. नवा कुर्ता, कपाळाला गंध, घाईत. “माय, शोरूमचे साहेब येऊन बसले. मागं तुया ठेसा नेला होता ना मी डब्यात, तवापासून ते विचारून राहिले. आज खास तुयासाठी आले, मी सांगितलं त्यायले, मायच्या हातचा ताजा देतो म्हून. दहा मिनिटाचं काम हाये.”

“गजा, आज नको. मले पोरीले घ्यायचं हाये.”

“मंग घे ना. कोन नाई म्हणते?”

“मिरची निघत नाई रे हाताची.”

“हे पाह्य,” त्यानं खिशातून प्लास्टिकच्या पातळ हातमोज्यांची जोडी काढली. त्याला वाटलं आपण सगळा विचार केला आहे. “आता कोनता जमाना हाये, माय? मोजे घाल, कर, काढून फेक, साबणानं हात धू. झालं.”

“आशाबाईले सांग. मी दाखवतो तिले,” माणिकबाई म्हणाली.

आशाबाई म्हणाली, “मले कुठं येते तुयासारखा? इतक्या मोठ्या माणसापुढं पोराची फजिती करतं का?”

माणिकबाई नाही म्हणू शकली असती. लोक आता म्हणतील, म्हणायला हवं होतं. पण गजेंद्रनं आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. भूक लागली तर आशाबाई, ताप आला तर आशाबाई, परीक्षेला जाताना दही आशाबाईच्या हातून. चार माणसांसमोर छाती काढून ‘माझ्या मायच्या हातचं’ असं तो आज पहिल्यांदा म्हणत होता. बावीस दिवस धुतलेले हात एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. तिनं मोजे घातले.

ठेचा तव्यावर रगडायचा असतो आणि तवा गरम असतो. दुसऱ्याच रगड्याला मोज्याचा अंगठा तव्याला चिकटला आणि फाटला. पुढं मळायची वेळ आली तेव्हा प्लास्टिक बोटांवर आकसून बसलं होतं, त्यानं मळता येईना. साहेबांपुढं गुठळ्यांचा ठेचा कसा द्यायचा? तिनं मोजे ओढून काढले आणि नेहमीसारखा मळला. ठेचा नेहमीपेक्षा चांगला झाला. मऊ झालेल्या कातडीला आग आधी कधी लागली नव्हती अशी लागली.

तिनं साबण लावला, तेल लावलं, फ्रिजमधलं ताक घेतलं, परत साबण लावला. मग पदराआड तोंड करून बोट डोळ्याच्या कोपऱ्याला लावलं. डोळ्यातून घळघळा पाणी आलं.

बाहेरून पौर्णिमानं हाक मारली, “आई, चला ना! तुमच्यासाठी थांबलोय.”

पाळणा झेंडूनं मढवला होता. एका बाजूला पौर्णिमाची आई बाळ घेऊन उभी. समोरची जागा रिकामी. माणिकबाई हात पदरात गुंडाळून दाराशी थांबली.

“आशाबाईले उभं करा,” ती म्हणाली.

“अहो असं काय? तुमची नात आहे.”

“माये हात मिरचीचे हायेत.”

“मोजे घातले होते ना तुम्ही? आणि हँडवॉश आहे की तिथे.” पौर्णिमाची आई हसत बोलली, पण ते हसणं फार टिकलं नाही. “घ्या, एवढंसं तर लेकरू आहे. काही जड नाही ती तुम्हाला.”

माणिकबाई जागची हलली नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, पण ऐकू जाईल इतपत हळू, “मुलगा असता तर घेतलं असतं.”

पौर्णिमाचा चेहरा उतरला. तिनं सासूकडे एकदा नीट पाहिलं. “राहू द्या आई,” ती म्हणाली. “कळलं.”

“नाई, तसं नाई व पोरी—”

आणि मग गजेंद्र पुढं झाला. आईची बाजू घ्यायला झाला, हे लक्षात घ्यायला हवं. साहेबांदेखत घरात वाकडं काही नको, म्हणून हसत हसत, मोठ्यानं म्हणाला, “अरे, पोरगी म्हणून नाही! मायले लेकरायचं वेडच नाही पहिल्यापासून. मी तर पोरगा होतो ना? मलेबी तिनं कधी मांडीवर घेतलं नाही. विचारा मोठ्या मायले.”

सगळे हसले. हलकं झालं सगळ्यांना. माणिकबाईनं आशाबाईकडे पाहिलं. त्या खोलीत खरं काय ते ठाऊक असलेली आणि बोलू शकणारी ती एकच बाई होती. डोळे सुजलेलं पोर तिनं हातात घेतलं होतं, पाठीमागं धरलेले हात तिनं रोज पाहिले होते. नत्थुजी बाहेर पुरुषांत बसला होता. आशाबाईच्या ओठांची जराशी हालचाल झाली. पण तेवढ्यात पौर्णिमाच्या आईनं पाळण्याच्या खालून बाळ पुढं केलं, आणि आशाबाईनं ते सवयीनं, किती सहज, दोन्ही हातांत झेललं. बाळ लगेच तिच्या खांद्याशी चिकटलं. “माय व, किती गोड!” ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

आरतीनं कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. नाव शर्वरी ठेवलं. माणिकबाईला ते दाराशी नीट ऐकू आलं नाही, तिनं नंतर नत्थुजीला विचारून घेतलं.

साहेबांनी ठेच्याबरोबर चार पोळ्या खाल्ल्या आणि उरलेला डब्यात भरून नेला.

दुसऱ्या दिवशी गजेंद्र आईवडिलांना स्टँडवर सोडायला आला. आशाबाई पंधरा दिवस तिथंच राहणार होती, बाळाला अंघोळ घालायला. पौर्णिमानं दारातूनच नमस्कार केला होता. गाडी लागली, नत्थुजी आधी चढून जागा धरायला गेला. गजेंद्र म्हणाला, “माय, सायेब लय खूश झाले. पुढच्या महिन्यात त्यायच्या पोरीचं लग्न हाये. दोन किलो ठेसा होईन काय तुयाच्यानं? पण मिरची लय तोडा लागन, हाताले तरास होईन तुले.”

माणिकबाईनं पायरीवर पाय ठेवला आणि त्याच्याकडे वळून पाहिलं. एकदा तिला वाटलं, सांगावं. चौथा महिना, त्याचे डोळे, सायकल, सगळं. पण तो घड्याळाकडे बघत होता, शोरूम उघडायची वेळ झाली होती.

“दोन कायले, पाच किलो देतो,” ती म्हणाली. “आता कोनासाठी हात जपाचे हायेत मले?”

गजेंद्रला फार बरं वाटलं. गाडी स्टँडबाहेर पडायच्या आत त्यानं साहेबांना फोन लावून पाच किलोचं सांगूनही टाकलं.